चढून तपासलेली शिडी

शिड्यांच्या त्या कारखान्यात वजनकाकांना पगार मिळायचा तो त्यांच्या वजनाचा. लोक हे चेष्टेने म्हणायचे, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचे दांडे कापून, त्यांना भोकं पाडून, पायऱ्या रिव्हेटने ठोकून शिडी तयार झाली की रांगेच्या अगदी शेवटी ती काकांसमोर यायची. काका ती भिंतीला लावायचे, तिसऱ्या पायरीवर चढायचे आणि दोन्ही पाय जुळवून तिथल्या तिथे दणादण उड्या मारायचे. शिडीने हूं की चूं केलं नाही की खाली उतरून तिच्या दांड्यावर एक पिवळं लेबल चिकटवायचे. ‘माणूस चढून तपासलेली’ असं त्यावर छापलेलं असायचं आणि शेजारी एका पोट सुटलेल्या माणसाची काळी आकृती. ती आकृती कोणाची, हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते चहाच्या आधीच कळायचं.

माणूस तसा मोकळा, हसरा, पोटभर जेवणारा. फक्त संशयी. इतका संशयी, की कोणी चहा पुढे केला तरी कप हातात घेण्याआधी देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणार. बायको म्हणायची, "तुमच्याशी कोणी हसून बोललं तरी तुम्ही आधी खिसा चाचपता." काका म्हणायचे, "चाचपतो म्हणूनच खिसा शाबूत आहे." पण खरं सांगायचं तर हा संशय त्यांनी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. कामाच्या कपड्यांबरोबर तो त्यांना कारखान्यानेच दिला होता.

कारखाना तेव्हा मोठ्या साहेबांचा होता. साहेबांच्या खोलीचं दार सदानकदा बोटभर उघडं असायचं. त्या फटीतून ते आत आहेत की नाहीत हे कळायचं नाही, पण ते बघताहेत असं मात्र सगळ्यांना वाटायचं. चूक झाली की ते ओरडायचे नाहीत. ओरडणारा साहेब परवडला. ते शांतपणे विचारायचे, "कोणी केलं?" आणि जो आधी तोंड उघडेल तोच गुन्हेगार ठरायचा, मग त्याने चूक केलेली असो की नुसती पाहिलेली असो. संध्याकाळी भोंगा झाला की त्या माणसाने ती वाया गेलेली शिडी डोक्यावर आडवी धरून फाटकाशी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या शेजारून बाहेर पडायचं. सगळे गेले की सर्वांत शेवटी त्याने जायचं. हा नियम कुठे लावलेला नव्हता, तरी एकूण एक माणसाला पाठ होता. त्याच्या जोडीला आणखी एक नियम कामगारांनी आपला आपणच बनवला होता. शेजारून जाताना मान खाली घालायची. बिचाऱ्याला आणखी लाज वाटायला नको म्हणून, असं सांगायचे. खरं कारण असं, की वर बघितलं तर साहेबांना वाटेल, हा त्याच्या बाजूचा दिसतोय.

काकांचा एक जिवलग दोस्त होता, रिव्हेट मारायचा. एकदा भोकं वाकडी पडताहेत हे बघून त्याने मशीन बंद केलं आणि आपण होऊन साहेबांना सांगायला गेला. त्या संध्याकाळी तो शिडी घेऊन फाटकाशी उभा होता. काका त्याच्या शेजारून गेले, इतके जवळून की त्याच्या बुटाची सुटलेली नाडी त्यांना दिसली. चेहरा दिसला नाही. दोस्त दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, नंतरही आला नाही, आणि त्या रस्त्याने तर आजतागायत आलेला नाही. बाजारात जायचं तरी लांबचा वळसा घालून जातो. त्याच्या जागेवर त्याची बायको रिव्हेट मारायला लागली. काका तिला वहिनी म्हणतात. तेव्हापासून काकांनी मनाशी गाठ बांधली, की या कारखान्यात आपल्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आपण फक्त उड्या मारतो.

मग मोठे साहेब थकले, घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांची मुलगी आली. नाक अगदी बापाचं. ते नाक दारातून आत आलं तेव्हाच सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पहिल्याच आठवड्यात धाकट्या मॅडमनी खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं.

"बापाने फट ठेवली होती, हिने अख्खं दारच उपटलं," काका पॅकिंगवाल्याला म्हणाले. "आता बारीकसारीक सगळंच ऐकू जाणार."

हा पॅकिंगवाला शिड्यांचे गठ्ठे सुतळीने बांधायचा म्हणून त्याला सगळे सुतळी म्हणायचे. बोलायला लागला की तोही सुतळीच्या गुंड्यासारखा सुटायचा, त्यामुळे नाव दोन्हीकडून बसलं होतं. तो म्हणाला, "पण काका, बाई आपल्यात बसून डबा खाते."

"डबा खायला नाही येत. कान लावायला येते."

"माझ्या पोरीची परीक्षा कशी झाली, विचारत होती."

"मग? सांगितलंस?"

"सांगितलं की."

काकांनी कपाळावर हात मारला. घरची माहिती काढायला लागली म्हणजे पुढचं सगळं उघड होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, फक्त कुठे ते अजून सापडत नव्हतं.

आणि त्यात ती घंटा आली. चांगली जाडजूड, पितळेची, आणि टांगली कुठे, तर काकांच्या उड्या मारायच्या जागेपासून हातभर अंतरावर. मॅडमनी सगळ्यांना जमवलं आणि म्हणाल्या, "काहीही चुकलेलं दिसलं, स्वतःचं असो की दुसऱ्याचं, ही वाजवायची. काम थांबवायचं. कोणी केलं, हे मी विचारणार नाही. काय झालं, एवढंच विचारीन." फाटकावर पहारा करणारा काकांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या आणि कोणी साथ देत नाही म्हटल्यावर हातावरची धूळ झटकल्यासारखं केलं.

"ही वाजवणार कोण?" सुतळीने हळूच विचारलं.

"ज्याला कायमचं घरी जायची घाई झालीय, तो."

घंटा कोणी वाजवली नाही. माणसं तिच्यापासून चार हात लांबून जायची, चुकून कोपर लागून वाजली तर काय घ्या. होता होता तिच्या लोलकाला कोळ्याने जाळं केलं. काका उड्या मारायचे तेव्हा जमीन हादरून ते जाळं थरथरायचं, तेवढीच काय ती घंटेची हालचाल.

अशात काकांचा गुडघा गेला. आणि गेला कसा, तर घरी पंख्यावरची धूळ पुसताना स्टूल कलंडलं. आयुष्यभर शिड्यांवर नाचलेल्या माणसाच्या घरात एक शिडी नसावी आणि त्याने स्टुलावरून पडावं, हे कारखान्यात कळलं असतं तर हसण्यापायी त्या दिवशीचं काम बुडालं असतं. काकांनी बायकोला बजावलं, "कुठे बोलू नकोस."

"अहो, पण डॉक्टरला तरी दाखवा."

"डॉक्टरला तर मुळीच नको. डॉक्टर म्हणणार विश्रांती घ्या, आणि कारखाना म्हणणार घ्याच."

मोठ्या साहेबांच्या वेळी दुखणाऱ्या माणसावर हेच औषध होतं, घरी बसा. घरी बसलेले काका पुढे काय करणार होते? नुसत्या उड्या मारण्याच्या अनुभवावर दुसरं कोण नोकरी देणार? आणि नोकरी गेली तर ते लेबलावरचं पोटही दुसऱ्याचं होणार, या विचाराने त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होतं.

म्हणून त्यांनी युक्ती काढली. शिडीवर चढायचं, दांडे घट्ट धरायचे, पोट वरखाली हलवायचं आणि धड पायाची टाच पायरीवर जोरात आपटायची. आवाज तोच. बघणाऱ्याला उडीच वाटायची. पायरीवर उडीचं वजन मात्र पडत नव्हतं. पहिल्या दिवशी लेबल चिकटवताना काकांचा हात अडखळला. नंतर अडखळेनासा झाला, आणि हे त्यांचं त्यांनाच आवडलं नाही. पण आपल्याकडच्या शिड्या पक्क्याच असतात, उडीने मोडलेल्या शिड्या अशा कितीशा निघाल्या, अशी ते मनाची समजूत घालत राहिले. या टाचेचा कोणाला पत्ता नव्हता. वहिनीला नाही, सुतळीला नाही, घरी बायकोलाही नाही.

एक दिवस मॅडम त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काका, गुडघा कसा आहे?"

"कोणता गुडघा?" काका म्हणाले, आणि उत्तर चुकलं हे त्यांना तोंडातून निघता निघताच कळलं.

मॅडम जराशा हसल्या आणि पुढे गेल्या. काकांना मात्र दिवसभर घाम फुटत होता. हिला कोणी सांगितलं? गुडघा धरलाय हे तिघांनाच माहीत असायची शक्यता. मेहुणा, कारण बहिणीच्या पोटात काही राहत नाही. वहिनी, कारण ती समोरच बसते आणि तिची नजर बारीक. आणि सुतळी, कारण त्याने एकदा काकांना उतरताना हात दिला होता. तिघांपैकी एक फितूर होता. कोण, ते शोधल्याशिवाय काकांना जेवण जाईना. जेवण न जाणं ही त्यांच्या बाबतीत बातमीच होती.

त्यांनी खडा टाकून बघायचं ठरवलं. तीन माणसं, तीन वेगवेगळी दुखणी, सगळी बनावट. वहिनीला म्हणाले, "कोणाला सांगू नका, पण पाठीतून कळा येताहेत." सुतळीला म्हणाले, "तुझ्या-माझ्यात ठेव, हल्ली डोळ्यांपुढे अंधारी येते." आणि मेहुण्याला फाटकाशी कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ताईला कळू देऊ नकोस, कानात सारखा शिट्टीसारखा आवाज येतो." आता मॅडमच्या तोंडून जे दुखणं बाहेर येईल, त्याचा मालक फितूर. काका स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले, की त्या दिवशी गुडघाही कमी दुखला.

दोन दिवस काही झालं नाही. मग मॅडमनी विचारलं, "काका, पाठीला शेक देता की नाही?"

वहिनी! सुतळी निघाला असता तर काका शिव्या घालून मोकळे झाले असते. पण वहिनी? जिच्या नवऱ्याला याच फाटकाशी उभं केलं होतं, ती?

हे पचतंय तोवर दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "अंधारी येते म्हणे? चष्मा तपासून घेतला का?" आणि त्याच संध्याकाळी, काका फाटकातून बाहेर पडत असताना, "कानात आवाज येतो ते अंगावर काढू नका हं."

तिघेही. एक फितूर शोधायला गेले तर सगळा कारखानाच फितूर निघाला. काका घरी आले ते चप्पल न काढताच बायकोवर घसरले, "तुझा भाऊ! माझ्या पाठीत सुरा खुपसला त्याने!"

"पाठीत? पाठ पण दुखतेय का?" बायको घाबरून म्हणाली. मग त्यांना सगळं सांगावं लागलं, खडा टाकल्यापासून. ती ऐकत होती, आणि ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "जिवाला जीव देणारी माणसं, आणि तुम्ही त्यांची परीक्षा घेत बसलात. लाज नाही वाटली?" काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

खरी पंचाईत पुढेच होती. सकाळी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. दार नव्हतंच, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "काका, गुडघा, पाठ, डोळे, कान. एवढं सगळं असताना मी तुम्हाला शिडीवर कसं चढवू? पडलात तर? आधी डॉक्टरकडे जाऊन या. तोवर वर चढायचं नाही."

काका काय बोलणार? पाठ, डोळे आणि कान खोटे होते म्हणायचं, तर का खोटं बोललात हे आलं. आपणच टाकलेला खडा आपल्याच टाळक्यात बसला होता. ते मान हलवून बाहेर आले. घरी बसा म्हणायची ही नवी, गोड पद्धत आहे, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

त्यांच्या जागी एक वाळूचं पोतं आलं. पोतं दोरीने वर ओढायचं आणि पायरीवर सोडायचं. काकांना शेजारी, घंटेखाली, स्टूल मिळालं. पोतं आपटलं की त्यांनी लेबल चिकटवायचं. स्टूलच द्यायला हवं होतं का, असं त्यांच्या मनात आलं.

"काका, पोतं तुमच्यापेक्षा गरीब आहे हो," सुतळी म्हणाला. "चहा मागत नाही, की कोणावर संशय घेत नाही." काका हसले नाहीत. लेबलं चिकटवता चिकटवता ते त्या काळ्या आकृतीकडे बघत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वहिनीला गाठलं. "वहिनी, निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

वहिनीने घास खाली ठेवला. "मीच सांगितलं. लपवून काय करू?"

"तो शिडी घेऊन उभा होता तेव्हा..." काकांनी सुरुवात केली. तो विषय त्या दोघांत कधीच निघाला नव्हता.

"हो, ते उभे होते आणि तुम्ही सगळे खाली बघून गेलात," ती म्हणाली. "मी तुम्हाला कधी एका शब्दाने बोलले का, भाऊजी? नाही बोलले. तुमचा नाइलाज मला कळत होता. पण मला खाली बघायला जमणार नाही. शिडीवरून उतरताना तुम्ही दात आवळता ते मला रोज दिसत होतं. म्हणून सांगितलं. बैठं काम द्या म्हणाले. सुतळीनेही तेच सांगितलं, तुमच्या मेहुण्यानेही. आम्ही आपसात बोललोही नव्हतो."

"म्हणजे सगळे तिच्या बाजूचे झालात. गोड बोलते म्हणून."

"गोड कुठे बोलते? परवा उशीर झाला तर मला चांगली तासली. पण जे काय ते तोंडावर बोलली आणि दुपारी शेजारी येऊन जेवली. मोठ्या साहेबांसारखं मनात ठेवलं नाही."

"कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी."

"मुरत असेल. पण अजून तरी तिने कोणाला फाटकाशी उभं केलेलं नाही."

काकांनी त्यातलं ‘अजून तरी’ तेवढं उचललं आणि स्टुलावर जाऊन बसले.

दुपारी सुतळी बाहेर लॉरीत गठ्ठे चढवत होता. मोठी मागणी होती, गोदाम जवळजवळ रिकामं झालं होतं. आत पोतं वर गेलं, सुटलं, आणि तिसऱ्या पायरीचं एक टोक दांड्यातून निखळून खाली लोंबकळलं. पोतं घसरून जमिनीवर फुटलं. सगळे धावले. वहिनीने निखळलेली रिव्हेट उचलून पक्कडीत दाबली तर ती खडूसारखी चुरली. मॅडम तोवर येऊन पोहोचल्या होत्या.

"हे नवीन खोकं," वहिनी म्हणाली. "गेल्या आठवड्यात उघडलंय. काही रिव्हेट बऱ्या आहेत, काही अशा."

"गेल्या आठवड्यापासून?" मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे लॉरीत आहेत त्या..."

"त्याची काळजी नको मॅडम," सुतळी दारातून म्हणाला. "लॉरीतल्या सगळ्या काकांच्या वेळच्या. काका स्वतः उड्या मारून गेलेत त्यांच्यावर. एखादी कच्ची असती तर तेव्हाच मोडली असती."

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. "काकांनी तपासल्यात ना? मग प्रश्नच नाही. जाऊ दे गाडी."

काकांनी झटकन त्यांच्याकडे बघितलं. हा सापळा असणार. हिला टाचेचं सगळं माहीत आहे आणि मुद्दाम चारचौघांत म्हणतेय, बघू हा बोलतो का. त्यांनी त्या चेहऱ्यावर डोळ्यांत तेल घालून शोधलं, त्या नाकावर शोधलं, पण तिथे काहीच नव्हतं. मॅडम पोत्यातून सांडलेली वाळू पायाने गोळा करत होत्या. त्यांचा खरंच विश्वास होता. इतक्या वर्षांत त्या खुर्चीतल्या माणसाने काकांचा शब्द पहिल्यांदाच न तपासता घेतला होता, आणि नेमका तोच शब्द पोकळ होता.

बाहेर लॉरी सुरू झाली. गप्प बसलं तर नोकरी राहत होती. गुडघा बरा झाला की पुन्हा शिडी, पुन्हा उड्या, आणि कोणाला कधी काही कळणारही नव्हतं. बोललं तर सगळं संपलं. काकांच्या हातात अजून एक न चिकटवलेलं लेबल होतं. पोट सुटलेला माणूस. तो बघून कोणीतरी बिनधास्त वर चढणार होतं. कोणाच्या तरी घरात पंख्यावर धूळ असेलच.

काका उठले आणि त्यांनी घंटा वाजवली.

पहिल्या टोल्याला कोळ्याचं जाळं तुटून त्यांच्या बाहीवर पडलं. ते वाजवतच राहिले, लॉरीचा आवाज बंद होईपर्यंत. सगळे त्यांच्याकडे बघत होते. काका म्हणाले, "मी उड्या मारलेल्या नाहीत. गुडघा गेल्यापासून एकही नाही. टाच आपटत होतो." आवाज फाटला होता, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "लॉरीतली एकही शिडी तपासलेली नाही."

सुतळीचं तोंड उघडंच राहिलं. वहिनीने डोळे मिटून घेतले. मॅडमच्या चेहऱ्यावर रक्त चढलं, नाकपुड्या फुगल्या, आणि क्षणभर तिथे मोठे साहेबच उभे होते. "गाडी उतरवा," एवढंच म्हणून त्या वळल्या आणि आपल्या बिनदाराच्या खोलीत जाऊन पाठ करून बसल्या.

संपलं, काका मनाशी म्हणाले. बोलत नाही म्हणजे संपलंच. बापही बोलायचा नाही.

संध्याकाळी भोंगा झाला. कोणी काही सांगायच्या आत काकांनी ती पायरी लोंबणारी शिडी उचलली, डोक्यावर आडवी धरली आणि लंगडत फाटकाशी जाऊन उभे राहिले. कोणीतरी उभं करणारच होतं. मग निदान आपल्या पायांनी जावं. लोक आले. पुढच्या दोघातिघांनी सवयीने मान खाली घातली आणि फाटकाशी येऊन थडकले. फाटक बंद होतं. मेहुण्याने कुलूप लावून किल्ली खिशात टाकली होती.

"उघड की," काका म्हणाले.

"आधी ते खाली ठेवा, दाजी."

"तुला काय करायचंय? नियम आहे."

"कोणाचा?"

मागे गर्दी वाढत गेली. त्या गर्दीतून वहिनी पुढे आली, काकांच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिने थेट त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नुसती बघत राहिली. मग सुतळीने मान वर केली. मग त्याच्या शेजारच्याने. काकांना वाटलं यापेक्षा सगळ्यांनी खाली बघितलेलं बरं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात वर गुंतलेले, पुसणार कसं?

मागून मॅडम आल्या. "काय चाललंय?"

"मॅडम, दाजी शिडी खाली ठेवत नाहीत," मेहुणा म्हणाला, "आणि मी फाटक उघडत नाही."

मॅडम पुढे झाल्या. चेहरा अजून लालच होता. "लहानपणी मी गाडीत मागे बसलेली असायचे तेव्हा इथे हेच चाललेलं असायचं," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणायचे, बाहेर बघू नकोस. मी बघायचे नाही. काका, मला राग आलाय. खूप आलाय. उद्या बोलणार आहे तुमच्याशी आणि ते गोड नसेल. पण आता ते खाली ठेवा."

"म्हणजे उद्या यायचं?"

"न येऊन कसं चालेल? लॉरीतली एकेक शिडी परत तपासायची आहे. पोतं तर फुटलं. नवं भरलं तरी शिडीने हूं की चूं केलं का, ते शेजारी बसून तुमच्याशिवाय कोण ओळखणार?"

काकांनी मॅडमकडे रोखून बघितलं. काम होईपर्यंत ठेवायचं आणि मग काढायचं, असंही असू शकतं. तसं असेलही. पण हातांना आता खरंच पेलवत नव्हतं. त्यांनी शिडी खाली घेतली तेव्हा तिचं दुसरं टोक सुतळीने आधीच धरलेलं होतं.

मेहुण्याने फाटक उघडलं. कोणी हललं नाही. त्या फाटकातून शिडी धरणारा माणूस नेहमी सर्वांत शेवटी जायचा, आणि आता सगळे थांबले होते, काका आधी जावेत म्हणून. काका लंगडत निघाले. रस्त्यावर पोहोचल्यावर त्यांनी एकदा मागे वळून बघितलंच, कोण हसतंय ते. कोणी हसत नव्हतं. वहिनी तेवढी घाईने उलट्या दिशेला निघाली होती, नवऱ्याला सांगायला.